पालथी पानं

१ फेब्रुवारी

आजपासून अडीच महिने मी लेखक. सोळा एप्रिलला परत मुद्रितशोधक. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रूफं तपासतोय. लोकांचे हरवलेले अनुस्वार शोधता शोधता माझे केस हरवले, पण स्वतःचं पुस्तक काही झालं नाही.

काल प्रकाशकांनी, म्हणजे आमच्या मालकांनीच, केबिनमध्ये बोलावलं. एका लेखकाने ऐन वेळी हात वर केलेत, यादीत एक जागा रिकामी आहे. म्हणाले, "पंधरा एप्रिलला पूर्ण कादंबरी माझ्या टेबलावर ठेव. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. दोघांपैकी एक निवृत्त होईपर्यंत." मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायलो.

आधीच्या दोन कादंबऱ्या का मेल्या ते मला पक्कं ठाऊक आहे. मी लिहिलेलं वाचतो, आणि वाचलं की हातातली पेन्सिल थांबत नाही. पहिलीचं पहिलं प्रकरण मी अकरा वर्षं दुरुस्त केलं. शेवटी ते इतकं निर्दोष झालं की त्यात काही उरलंच नाही. म्हणून या वेळी नियम केलाय. पान लिहून झालं की पालथं करून फाईलमध्ये. शेवटचा पूर्णविराम पडेपर्यंत एकही पान सुलटं करायचं नाही आणि कोणाला वाचायलाही द्यायचं नाही. बायकोला तसं बजावलं. ती "बरं" म्हणाली. जरा लगेचच म्हणाली.

नायक ठरलाय. डोंगरावर एकटा राहणारा चित्रकार. फारसा बोलत नाही.

३ फेब्रुवारी

ताई येतेय! गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं, पण दोन महिने एकटीने राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. बायको परस्पर "इकडेच या" म्हणून मोकळी झाली. मी म्हटलं, "अगं, माझी कादंबरी?" तर म्हणते, "तिला कुठे गुडघे आहेत?"

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. निवृत्त मुख्याध्यापिका, विषय गणित. भावजी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. आयुष्यभर तिने दोनच गोष्टी केल्या. गणितं सोडवली आणि माणसं सुधारली.

६ फेब्रुवारी

ताई आली. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी, आमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हे सांगितलं. मग मला बघून म्हणाली, "बारक्या, किती सुटलायस!" मी बावन्न वर्षांचा, नव्वद किलोचा. पण तिला बारक्याच.

माझी लिहायची खोली तिला दिली. टेबल बाहेर पॅसेजमध्ये आणलं, चपलांच्या कपाटाला लागून. फाईल मात्र तिच्याच खोलीतल्या कपाटात ठेवावी लागली, दुसरीकडे जागाच नाही. पण काळजीचं कारण नाही. ताई कादंबऱ्या वाचणाऱ्यातली नव्हे.

९ फेब्रुवारी

घोडं दुसऱ्याच प्रकरणात अडलंय. चित्रकार खिडकीशी उभा आहे. परवाही उभा होता. आज त्याला खुर्चीत बसवला, तर तो तिथून धुकं बघत राहिला. एकटा आहे आणि बोलत नाही, हे चार पानं सांगून झालं. आता त्याने करायचं काय?

आत ताई व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला झापत होती. "वीस म्हणालीस आणि अठरावर थांबलीस. दुखतंय माझं, मोजायला तुला काय होतंय?" मला हसू फुटलं आणि हात आपोआप चालायला लागला. चित्रकाराच्या दारात त्याची थोरली बहीण बॅग घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "किती दिवस झाले या खिडकीशी उभा आहेस?"

एका दमात तीन पानं! ताईला कळलं तर माझी धडगत नाही, पण मी पुरती काळजी घेतलीय. गणिताऐवजी भूगोल दिलाय, चष्मा काढून घेतलाय आणि नाव ठेवलंय अक्का. आता कोणाच्या बापाला कळणार नाही.

१४ फेब्रुवारी

अक्काने कादंबरी ताब्यात घेतलीय. चित्रकार तिला चहा करून देण्यापुरता उरलाय. काल मी लिहिलं की अक्का तिच्या एकटीच्या घरात रोज टेबल मांडून, नॅपकिन घडी घालून जेवते. करुण प्रसंग. स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

आज जेवताना ताई काही कारण नसताना म्हणाली, "एकटं राहणारं माणूस टेबलबिबल मांडत नाही बरं का. गॅसजवळ उभ्यानेच खातं. पातेल्यातूनच. भांडं कमी पडतं घासायला."

मी घास तसाच ठेवून पॅसेजमध्ये पळालो. इथून पुढे अक्का उभ्यानेच जेवेल. काय हा योग! लेखक मन लावून लिहायला बसला की सगळं जग त्याच्या मदतीला येतं म्हणतात, ते खोटं नाही.

१९ फेब्रुवारी

नऊ पानं. चार वाजता फिरायला. ताई रोज आठवण करते. "जा बारक्या, तासभर तरी फिरून ये. घाई करू नको. येताना फोन कर." माझ्या वजनाची तिला भलतीच काळजी लागून राहिलीय.

२६ फेब्रुवारी

ताईचा वेळ जात नसावा. चहाच्या वेळी मला गणितं घालते. आजचं गणित असं: "एक बाई भावापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. साठ पानांनंतर ती चौदा वर्षांनी मोठी झाली. तर मधल्या काळात भावाने काय खाल्लं?"

मी म्हटलं, "साठ पानांनंतर?"

"साठ दिवसांनंतर म्हणाले मी," ताई म्हणाली. बायकोला ठसका लागला.

गंमत म्हणजे त्यावरून मला शंका आली. अक्काचं वय आधी किती लिहिलं होतं कोण जाणे! नियमाप्रमाणे मागे बघता येत नाही. तेव्हा पुढे नऊच धरायचं ठरवलं. ताईला म्हटलं, "तुझं काहीतरी विचित्रच असतं." तर म्हणाली, "आणि हल्लीचे पुरुष पत्रात चंद्र का आणतात रे? बाईला बल्ब बदलून हवा असतो." आता चित्रकाराचं प्रेमपत्र मी परवाच लिहिलं होतं, चंद्रासकट. चित्रकार आता दुसरं पत्र लिहितोय. त्यात बल्ब आहे.

५ मार्च

आज आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टवाल्याची वाट लागली. लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून तो सकाळपासून जिन्यात बसून मोबाईल बघत होता. ताई काठी टेकत बाहेर गेली आणि म्हणाली, "मी एका पायावर उभी आहे, तुझे दोन्ही पाय चांगले आहेत आणि बसलायस तू. आपल्यात बिघडलेलं कोण?" तो ताडकन उठला. वीस मिनिटांत लिफ्ट सुरू.

हे सगळं मी दाराआडून ऐकत होतो. ताई आत येताना माझ्या टेबलापाशी थांबली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. सावकाश, फळ्यावर लिहून द्यावं तसं. "ऐकलंस ना नीट?" म्हणाली. वय झालं की माणसं तेच तेच बोलतात. वाईट वाटलं. पण वाक्य जसंच्या तसं अक्काच्या तोंडी घातलं. पंधरावं प्रकरण पूर्ण!

घरात काठीचा आवाज कमी झालाय. ताई गुणगुणते हल्ली. बायको म्हणते, ऑपरेशन मानवलं.

१२ मार्च

प्रकाशकांचा फोन. कुठवर आलं विचारलं. मी म्हटलं, सतरा प्रकरणं झाली, मजेमजेत चाललंय. म्हणाले, "मजेमजेत? अरे, कोणी जातं की नाही? शेवटाकडे एखादं माणूस गेलं पाहिजे. त्याशिवाय समीक्षक पुस्तक हातात धरत नाहीत."

दिवसभर विचार केला. चित्रकार मेला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

१५ मार्च

अक्काला मारली. अठरावं प्रकरण, साडेतीन पानं. झोपेतच गेली, फार हाल केले नाहीत. शेवटचा परिच्छेद तर असा उतरलाय की इथे उतरवून ठेवल्याशिवाय राहवत नाही: "घर दोन दिवसांत आवरून झालं. तिच्यामागे रडायला कोणी नव्हतं. उलट सगळ्यांनाच जरा मोकळं वाटलं."

काय धार आहे! चोवीस वर्षांत असं वाक्य माझ्या हाताखालून गेलं नाही. पान पालथं घातलं आणि शीळ वाजवत फिरायला गेलो. ताईला येताना फोन करायला विसरलो आणि पाऊण तासातच परतलो. ती पाठ करून पडली होती. म्हटलं, झोपू दे.

१६ मार्च

सकाळी ताई म्हणाली, "बॅग खाली काढून दे. उद्या जाते घरी."

मी म्हटलं, "अजून तीन आठवडे आहेत की."

"चालता येतं आता. तुम्हालाही जरा मोकळं वाटेल."

किती समजूतदार झालीय! मी आग्रह केला, दोनदा. बायकोने सातआठदा केला. ताई ऐकेना.

१७ मार्च

ताईला सोडून आलो. टॅक्सीत एक शब्द बोलली नाही. टॅक्सीवाला चुकीच्या रस्त्याने गेला तरी बोलली नाही. गुडघा दुखत असणार.

टेबल पुन्हा खोलीत. काय शांतता! आता कादंबरी वाऱ्यासारखी पुढे जाईल.

२० मार्च

चित्रकार खिडकीशी उभा आहे.

२७ मार्च

दहा दिवसांत दीड पान, आणि त्यातही धुकंच. शांतता इतकी आहे की फ्रीज सुरू झाला तरी दचकतो. ताईला दोनदा फोन केला. "बरी आहे. जेवले. ठेवते." एवढंच.

संध्याकाळी बायको कामावरून, तिच्या त्या चष्म्याच्या दुकानातून, आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "अहो, त्या अक्काचं पुढे काय झालं?"

"मेली," म्हटलं.

ती हातातली पिशवी घेऊन तशीच खाली बसली. "कधी?"

"पंधराला."

"आणि ताईंनी बॅग सोळाला मागितली," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघत राहिली, जसं मीच चुकीच्या नंबरचा चष्मा लावून आलोय. हिला तारखा जोडायची वाईट खोड आहे. शिवाय अक्काचं नाव हिला कुठून कळलं? मी झोपेत बोलत असेन.

३१ मार्च

हात टेकले. प्रकाशकांकडे गेलो आणि फाईलच त्यांच्या हवाली केली, न वाचता, सगळी पानं पालथी. म्हटलं, "अठरा झाली आहेत, पुढचं सुचत नाही. वाचून सांगा, सोडून देऊ का?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पंधरा दिवस आहेत अजून," म्हणाले.

तिसरी कादंबरीही मेली बहुतेक. तीनही वेळा खुनी एकच.

२ एप्रिल

जेवलो नाही, आधी हे लिहितो.

प्रकाशकांनी सकाळीच बोलावलं. फाईल सुलटी पडली होती टेबलावर. म्हणाले, "चौदाव्या पानानंतर मी एकदाही घड्याळ बघितलं नाही. ही अक्का जबरदस्त आहे. पण आधी एक सांग, समासातल्या या पेन्सिलीच्या खुणा कोणाच्या? ज्याच्या असतील त्याला मी उद्याच्या उद्या संपादक नेमायला तयार आहे."

मला काही कळेना. पानं बघितली. समासभर बारीक, सरळ, एका मापाचं अक्षर. ते मी ओळखणार नाही? सहावीपासूनच्या माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकाची सही म्हणून तेच अक्षर आहे. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वीस वर्षांच्या ताईने नोकरी धरली आणि दर महिन्याला माझ्या मार्कांखाली तिनेच सही केली.

बाराव्या पानावर: "वय पक्कं कर." टेबल मांडण्यापाशी: "उभ्याने." प्रेमपत्रापाशी: "चंद्र काढ." लिफ्टच्या प्रसंगापाशी: "मी दोनदा सांगूनही 'दोन्ही' शब्द गाळलास." अक्का एका रडणाऱ्या मुलीला समजावते ते मी मनाने रचलं होतं, तिथे: "हे मी कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं." आणि एका पानावर, अक्का भावाच्या तापात रात्रभर जागते तिथे, नुसतं: "तुला आठवतंय?"

मी खुर्चीत आक्रसत गेलो. तिने सगळं वाचलं होतं. रोज, मी फिरायला गेलो की. जेवताना, चहाला, जिन्यात ती माझ्याशी नाही, माझ्या कादंबरीशी बोलत होती. आणि मी म्हणतो काय, तर सगळं जग मदतीला आलं!

मग अठरावं प्रकरण काढलं. शेवटचं पान. "तिच्यामागे रडायला कोणी नव्हतं." समासात एकच शब्द, त्याच सरळ अक्षरात.

"बरोबर."

प्रकाशक पुढे काहीतरी बोलत होते. अक्का गेल्यावर पुस्तक बसतं वगैरे. मला ऐकू येत नव्हतं.

घरी येऊन बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "पेन्सिल मीच आणून दिली होती. इतकी खुशीत होत्या हो त्या. म्हणायच्या, बारक्या मला अजून किती पानं ठेवतो बघू."

३ एप्रिल

सकाळी आठला ताईच्या दारात. ते एक पान खिशात. तिने दार उघडलं, काठी नव्हती हातात. गॅसवर पातेलं होतं आणि पातेल्यात चमचा.

म्हटलं, "ताई, ते वाक्य चूक आहे."

"कुठलं?" म्हणाली, पण तिला कळलं होतं. "मी तपासलंय ते. चूक नाही. ज्या दिवशी मी निवृत्त झाले ना, त्या दिवशी शाळेचा शिपाईसुद्धा मनापासून हसला माझ्याकडे बघून. पहिल्यांदाच. मी काही वाईट वाटून घेतलं नाही रे. फक्त वाटलं, आपलं उत्तर दुसऱ्याच्या वहीतही तेच आलंय."

"माझ्या वहीत ते नाहीये, ताई! मला ते वाक्य छान वाटलं म्हणून लिहिलं. नुसतं छान वाटलं म्हणून! खरं आहे का ते बघितलंच नाही. चोवीस वर्षं तपासतोय आणि एवढी मोठी चूक..." मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लहान मुलासारखा रडलो. मला ती हवी आहे, माझ्या आधी ती जायला नको, आणि गेली तर मला कधीच मोकळं वाटणार नाही, असं काहीबाही बोललोही. ते कुठल्याच कादंबरीत घालण्यासारखं नव्हतं.

ताईने गॅस बंद केला. मग म्हणाली, "रडायचं तर सोफ्यावर बसून रड. दारात वाट अडते." आणि मी बसल्यावर शेजारी येऊन बसली. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

थोड्या वेळाने तिने माझ्या खिशातून ते पान काढून घेतलं, चार तुकडे केले आणि म्हणाली, "बारा दिवस आहेत. रोज चार पानं केलीस तर अठ्ठेचाळीस होतात. नाक पूस. बॅग वरच आहे, काढून दे."

८ एप्रिल

सोळा पानं. टेबल पुन्हा पॅसेजमध्ये. अक्का झोपेतून उठली, मेलीबिली काही नव्हती, आणि उठल्या उठल्या चित्रकाराला खिडकीतून ओढून बाजारात घेऊन गेली. आता मी पान लिहितो आणि सरळ ताईच्या हातात देतो. नियम मोडला. मोडून बरं वाटतंय. ती पेन्सिल कानावर अडकवून बसते, प्रेसमधल्या जुन्या माणसांसारखी, आणि मी थांबलो की विचारते, "काय झालं? दुखतंय कुठे?"

आमची भांडणं मात्र जोरात. अक्काने सारखं बरोबरच का असावं, असं ती म्हणते. "एकदा तरी तिला चुकू दे. मला बघायचंय, चुकल्यावर ती काय करते." मी चुकवली. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच झालं असेल.

१४ एप्रिल

संपली. चोवीस प्रकरणं. आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पूर्णविराम पडला, आमच्या घड्याळात. बायको दुकानातून अर्धी रजा टाकून आली. प्रकाशकांना फोन केला, त्या खुणा ताईच्या हेही सांगितलं. म्हणाले, "कोणी गेलं का शेवटी?" मी म्हटलं, "नाही. सगळे आहेत." म्हणाले, "असू दे. उद्या घेऊन ये. त्या पेन्सिलवाल्या बाईंनाही घेऊन ये."

मग शेवटचं प्रकरण मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने कानावरची पेन्सिल काढली. मला वाटलं, आता कुठलीतरी तारीख चुकलेली निघणार.

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली. "पण हा भाऊ फार बावळट झालाय."

मी म्हटलं, "ताई, तो मी माझ्यावरूनच घेतलाय."

"माहितीये मला," ती म्हणाली. "म्हणूनच सांगते. इतका नाहीये तो."